हार्डवेअरच्या दुकानात जायच्या आधी: गिझरखालचा अँगल कॉक बदलायचाय, नेमकं काय काय आणू?

डोंबिवली_पूर्व

नमस्कार मंडळी. बिल्डिंग २००४ ची आहे, गिझरखालचा अँगल कॉक (पाणी चालू-बंद करायचा भिंतीतला छोटा नळ) गळतोय, फिरवून पूर्ण बंद केला तरी थेंब थेंब चालूच, रात्री खाली बादली ठेवली की सकाळपर्यंत बरीच भरते आणि ते पाणी बघून जीव तुटतो हो, आमच्याकडे आधीच एक दिवसाआड पाणी. प्लंबर येतो म्हणतात आणि येत नाहीत, एवढ्याशा कामाला त्यांना परवडत नसेल ते मी समजू शकतो. म्हणून आता स्वतःच करायचं ठरवलंय. शेल्फ लावणं, स्विच बदलणं घरीच करतो, ड्रिल आहे, पाने आहेत, पण पाण्याच्या लाईनला अजून हात लावलेला नाही.

शनिवारी दुकानात जाणार आहे. अडचण अशी की तिथे गेलं की "कुठला पाहिजे?" म्हणून समोर दहा प्रकार मांडतात आणि मागे मिस्त्री लोकांची रांग. तर १) आट्यांवरून मोजलं तर २१ मिमी भरतंय, म्हणजे पाऊण इंची मागायचा ना? २) आट्यांवर गुंडाळायला टेफ्लॉन टेप घेऊ की सुतळी-सफेदा (तागाचे धागे आणि पांढरी पेस्ट)? ३) भिंतीतला पाईप जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) आहे की सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) हे फोडल्याशिवाय कसं कळणार? ४) भावाने अमेरिकेहून एक शॉवर आणलाय, तो आपल्याकडे बसेल का? जाणकारांनी सांगा प्लीज.

निवृत्त_मेंटेनन्स_नाशिक

पहिल्यांदा ते पाऊण इंचीचं डोक्यातून काढा. २१ मिमी म्हणजेच आपला नेहमीचा अर्धा इंची. पाईपाचं माप बाहेरून मोजून येत नाही, अर्धा इंचीच्या आट्या बाहेरून साधारण २१ मिमी असतात आणि पाऊण इंचीच्या साडेसव्वीसच्या आसपास. खूप जण पट्टी लावून मोजतात आणि चुकीचा माल घरी नेतात. घरातले अँगल कॉक, बिब कॉक (साधा नळ), शॉवर जवळजवळ सगळे अर्धा इंचीच असतात.

पाईप ओळखायचा तर कॉकमागची गोल चकती, म्हणजे फ्लँज, पुढे ओढा, टॉर्च मारा. काळपट, गंजलेला लोखंडी तोंड दिसलं की जीआय, चुंबक लावलं तर टक्कन चिकटेल. क्रीम रंगाचं प्लास्टिक आणि आत पितळेची रिंग दिसली तर सीपीव्हीसी. २००४ ची बिल्डिंग म्हणजे जीआयचीच शक्यता जास्त, पण मधे कोणी बाथरूम नवीन केलं असेल तर सांगता येत नाही.

आणि हे आधी बघायचं कारण टेप की सुतळी हे त्यावरच ठरतं. जीआयला सुतळी-सफेदा चालतो, वर्षानुवर्षं चालत आलाय. सीपीव्हीसीला अजिबात लावू नका. सुतळी पाण्याने फुगते आणि प्लास्टिकच्या आट्या आतून तडकतात, शिवाय काही तेलकट पेस्टने सीपीव्हीसी हळूहळू चिरत जातं. तडा भिंतीच्या आत जातो, दिसतो तेव्हा शेजारच्या खोलीचा रंग फुगलेला असतो. तिथे फक्त टेफ्लॉन, आणि हाताने घट्ट केल्यावर पान्याने एखादा फेरा, बास.

टेप कशी गुंडाळायची ते पण सांगतो कारण निम्म्या गळत्या यातूनच होतात. आट्यांचं तोंड स्वतःकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून गुंडाळायचं, म्हणजे कॉक फिरवताना टेप अजून आवळली जाते. उलटी गुंडाळली तर गोळा होऊन बाहेर येते. पहिली आटी मोकळी ठेवा. स्वस्तातली टेप फार पातळ असते, तिचे वीसेक वेढे द्यावे लागतात, जाड घेतली तर आठ-दहात भागतं.

पाईपवाले_सांगली

आमचं स्वतःचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं, म्हणून काउंटरच्या या बाजूने लिहिते. दादा, सकाळी साडेआठ ते अकरा येऊ नका. तेव्हा साइटवरची सगळी माणसं माल उचलायला येतात, तुम्हाला नीट दाखवायला आमच्याकडे कोणी मोकळं नसतं. दुपारी या, आम्हीच चार गोष्टी विचारून बरोबर वस्तू काढून देतो. आणि काम लगेच रात्री काढू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी काढा, एखादा वॉशर कमी पडला तरी दुकान उघडं असतं. आधी दुकानाची सुट्टी कधी ते विचारून ठेवा.

जुना कॉक काढून आणता आला तर सोन्याहून पिवळं, पण तुमचं पाणी बंद ठेवावं लागेल म्हणून नसेल जमत तर फोटो आणा, शेजारी पट्टी धरून काढलेला. फोटोत हँडल नको, मागची भिंतीकडची बाजू दिसायला हवी. गिऱ्हाईक नेहमी हँडलचाच फोटो आणतं.

घेताना हातात वजन बघा. पितळेचा कॉक जड लागतो. हलका चकचकीत असतो तो बऱ्याचदा झिंकचा, बोअरच्या पाण्यात आट्यांपाशी खाऊन जातो आणि पुढच्या वेळी काढताना अर्धा भिंतीतच तुटतो. चुंबकाने हे कळत नाही बरं का, पितळ आणि झिंक दोन्हीला चुंबक चिकटत नाही. बिल पक्कं घ्या, गॅरंटीला तेच लागतं.

अजून एक वस्तू बहुतेक जण विसरतात ती एक्स्टेंशन निपल. टाइल्सवर टाइल्स बसवल्या असतील तर पाईपाचं तोंड खोल जातं आणि नवा कॉक पोचतच नाही. टाइलच्या पृष्ठभागापासून आतल्या तोंडापर्यंत पट्टीने खोली मोजून आणा. अर्धा, एक, दीड, दोन इंच अशा लांबीच्या मिळतात. दोन लांबीच्या न्या, न वापरलेली आम्ही परत घेतो, फक्त टेप लावलेली आणू नका.

घरकाम_ठाणे

एक विचारू का, गळतोय कुठून? तोंडातून थेंब पडतात की हँडलच्या मागून? कारण हँडलच्या मुळाशी ओलं असेल तर बऱ्याचदा तिथला नट थोडा आवळला तरी थांबतं. तोंडातून असेल तर आतला स्पिंडल (हँडलबरोबर फिरून पाणी अडवणारा भाग) गेलाय, अख्खा कॉक बदलायची गरजच नाही, भिंतीला हात न लावता काम होतं. जुन्या बिल्डिंगमध्ये भिंतीतल्या आट्यांना जितकं कमी छेडाल तितकं बरं असं माझं ठाम मत आहे. स्पिंडल काढून दुकानात न्या आणि वरच्या टोकाचे दात मोजून तेवढ्याच दातांचा घ्या, नाहीतर हँडल बसत नाही.

डोंबिवली_पूर्व

सगळ्यांचे खूप आभार, एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं. ताई, तोंडातूनच गळतंय. फ्लँज ओढून बघितली, चुंबक चिकटलं, म्हणजे जीआय. स्पिंडलच आधी बदलून बघतो. पण कॉक बराच जुना आहे, हिरवट थर चढलाय, नट हलेल असं वाटत नाही. काढताना तुटला तर काय?

निवृत्त_मेंटेनन्स_नाशिक

ठाण्याच्या ताईंचा सल्ला एकदम योग्य, आधी स्पिंडल. हिरवट थर आहे तर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळलं तरी क्षार सुटतात. नट सोडवताना एका पान्याने कॉकचं अंग धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर केला तर सगळा जोर भिंतीतल्या जुन्या एल्बोवर (पाईपाच्या वळणाच्या जोडावर) जातो, आणि जीआय आतून गंजलेला असला की तो सांधाच फिरतो. मग मात्र टाइल्स फोडाव्या लागतात.

समजा कॉक तुटून आट्यांचा तुकडा आत राहिलाच, तर घाबरू नका. हॅकसॉचं नुसतं पातं घ्या, एका टोकाला फडकं गुंडाळून हातात धरा आणि तुकड्याला आतून एकमेकांच्या जवळ दोन काप द्या. बाहेरच्या आट्यांना लागू द्यायचं नाही, थोडं अलीकडेच थांबायचं. मग त्या दोन कापांमधला भाग स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने हळूच आत वाकवला की तुकडा सैल होतो आणि पक्कडीने निघतो. वेळ लागतो, पण निघतो. म्हणून दुकानातून एक हॅकसॉ पातं आणि अर्धा इंचीचा एक प्लग घेऊनच या. काम अर्धवट राहिलं तर प्लग मारून बाकीच्या घराचं पाणी चालू करता येतं, घरातल्यांचा खोळंबा होत नाही.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह आधी एकदा फिरवून बघा. जुने गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं हलवलेले नसतात, बंद करायला जावं तर दांडा फिरतो आणि आतलं गेट जागेवरच राहतं. तसं असेल तर सेक्रेटरींना सांगून ठेवा. आणि गिझरचा मेन स्विच बंद करायला विसरू नका, पाणी परत येऊन गिझर भरेपर्यंत चालू करायचा नाही, रिकामा गिझर चालू झाला की कॉइल जाते.

न्यूजर्सीकर

शॉवरबद्दल मी सांगतो. इकडच्या आट्या वेगळ्या स्टँडर्डच्या असतात, भारतातल्या ५५ अंशाच्या आणि अमेरिकेतल्या ६० अंशाच्या. पण अर्धा इंचीला दोन्हीकडे इंचाला १४ आट्याच येतात, त्यामुळे शॉवरसारख्या कमी दाबाच्या जागी टेप जरा जास्त लावली की बसतो. आईबाबांकडे पुण्यात असाच लावलाय, गळत नाही. मात्र सतत दाबाखाली असलेल्या लाईनवर, म्हणजे अँगल कॉकच्या जागी, इकडची फिटिंग वापरू नका, तिथे आपल्याकडचीच घ्या.

घरकाम_ठाणे

आणि दादा, स्पिंडलसाठी कोणी नागदेवीला (मुंबईतल्या हार्डवेअर बाजारात) जा म्हणेल, तर एका स्पिंडलसाठी मुंबईपर्यंत जाऊ नका. डोंबिवली स्टेशनजवळ मिळून जाईल, नाहीच मिळाला तर तसाच अख्खा नवा कॉक घ्या आणि त्यातला स्पिंडल काढून जुन्यात बसतो का तिथेच काउंटरवर बघा. काम झालं की रात्रभर सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर दाबून ठेवा, बारीक पाझर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही पण कागद लगेच ओला होतो.