अलिबाग, दोन दिवस: रिसॉर्ट नको, गाव बघायचं आहे

शेवंती:
नमस्कार मंडळी. जानेवारीत बाबांना घेऊन अलिबागला जायचं ठरवतेय. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, आता ७४ वर्षांचे आहेत. गुडघा दुखतो, पण हळूहळू चालतात. मी गेल्या वर्षी ऑफिसच्या सहलीला गेले होते. मांडव्याला उतरलो, गाडीत बसलो, दोन्हीकडे उंच भिंती, मग एक बंगला, पोहण्याचा तलाव, जेवण आणि परत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आंग्र्यांच्या गावी जाऊन आंग्र्यांना न भेटताच आलीस!" ते मनाला लागलं. तिथे आज इतका पैसा दिसतो. तो आधी कुणाकडे होता, गाव कसं वसलं, हे कळेल असं काय काय दाखवू?

नागावची माहेरवाशीण:
शेवंतीताई, बाबांना माझा नमस्कार सांगा.

सुरुवात समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यापासून करा, आणि तारीख ठरवायच्या आधी तिथी बघा. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीच्या पाऊणपट करतात. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. पंचमीला त्याहून पाऊण तास उशिरा. शुद्ध असो की वद्य, चतुर्थी-पंचमीची सकाळ तुम्हाला सोयीची. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते आणि भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी पुरतं हटतही नाही. हा झाला अंदाज, तिथे गेल्यावर घोडागाडीवाल्यांना विचारून खात्री करा. बाबांना गाडीनेच न्या, ओल्या वाळूतून चालणं गुडघ्याला जड जातं. आणि पाणी चढायला लागायच्या आत परत फिरा. दर वर्षी कुणी ना कुणी अडकतंच.

किल्ला बांधायची आज्ञा शिवाजी महाराजांची, १६८० सालची. काम पुरं झालं संभाजीराजांच्या काळात. तटाचे मोठमोठे चिरे चुना न भरता नुसते एकावर एक ठेवले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर मरतो आणि भिंत टिकते. हे बाबांना हात लावून बघू द्या. आत रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे आणि भर समुद्रात गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे, त्यांचा दरारा इथूनच चालायचा. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून व्यापारी गलबत सुखरूप जाणं कठीण होतं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी हात हलवत परत गेले. अलिबागचा पहिला पैसा हा असा समुद्रावरचा. कान्होजींची समाधी गावातच आहे, १७२९ ची. तिथे दहा मिनिटं शांत बसा. सहलीची माणसं तिकडे फारशी फिरकत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पाऊलवाट:
वरच्या ताईंनी छान लिहिलंय. मी भर घालतो. गावाच्या नावाची गोष्ट सांगतात ती अशी, की अली नावाचा एक धनिक बेने इस्रायली, म्हणजे इथला मराठी ज्यू, होता, त्याच्या बागा त्या अलीच्या बागा. दंतकथा म्हणा, पण इस्राईल आळी खरी आहे आणि तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळही. आपल्या किनाऱ्यावर हे लोक तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं किहीमकर, रोहेकर, पेणकर, घरात मराठी. नवगावला त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटल्याचं स्मारक आहे.

किनाऱ्यावरची चुंबकीय वेधशाळा बाहेरून तरी दाखवा. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार होती, म्हणून १९०४ मध्ये ते काम इथे हलवलं. इमारतीत लोखंड चालणार नव्हतं. आत जायचं असेल तर आधी परवानगी विचारून ठेवा.

कोपरचा:
सगळे किल्ला सांगतात. मी शेवंतीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, पैसा कुणाकडे होता. जमीन खोतांची आणि सावकारांची होती. खारे बांध घालून, चिखलात उभं राहून भात पिकवणारे आमचे आगरी वाडवडील कुळं होते. पिकाचा मोठा वाटा खोताकडे जायचा, वर वेठ वेगळी. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात सभा भरली आणि शेतकऱ्यांनी ठरवलं, जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील पुढारी. पंचवीस गावं संपात उतरली आणि तो सहा वर्षं चालला. माझी पणजी सांगायची, त्या काळात डोंगरातून मोळ्या आणून विकायच्या आणि त्यावर चूल पेटायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले, १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. चरीला संपाचं स्मारक आहे, अलिबागहून गाडीने फार लांब नाही. इतिहासाच्या शिक्षकाला तिथे नेलं नाहीत तर सहल अपुरी राहील. ज्या जमिनीसाठी इतकं सोसलं, तिच्या काही तुकड्यांवर आज बंगले आहेत. विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, घरात लग्नं असतात, आजारपणं असतात. पण भिंत बघितली की पोटात तुटतं.

शेवंती:
कोपरचे दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, चरी आधी, किल्ला नंतर. मांडवा-किहीमकडचा भाग मग सोडूनच देऊ का?

नागावची माहेरवाशीण:
सोडू नका हो. सासवन्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय आहे. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं. पुण्याचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. इथली म्हैस बघाल तर अंगावर हात फिरवावासा वाटतो. किहीमला पक्षितज्ञ सलीम अली नोकरी गेल्यावर पत्नीच्या माहेरच्या घरी राहिले होते, सुगरणींच्या घरट्यांचा त्यांचा अभ्यास तिथलाच. मुंबईची माणसं हवापालटाला इकडे फार आधीपासून येत आली आहेत. तेव्हा कुंपण मेंदीचं असायचं, एवढाच फरक.

पाऊलवाट:
येण्याचं सांगतो. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, तासाभरात मांडवा. नाहीतर गेटवेहून लाँच, तिच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते. बाबांना चढ-उताराला रो-रो बरी पडेल. जानेवारीत पोपटी मिळेल. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला लावून, बाहेरून जाळ. ओळखीचं घर नसेल तर इथेच सांगा.

एक विनंती. "अलिबागसे आया है क्या" हे समोरच्याला बावळट ठरवणारं वाक्य गमतीतही वापरू नका. त्यावर बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती, २०१९ मध्ये ती फेटाळली गेली. कायद्याने नाही थांबलं, पण आपण तरी थांबवू.

कोपरचा:
पोपटीसाठी ओळख कशाला शोधता? आमच्या शेतावर या. चरीला मी बाबांबरोबर येतो, माझे काकाही येतील, त्यांना संपाची गाणी पाठ आहेत. तारीख तेवढी कळवा.

शेवंती:
दादा, काय बोलू! कॅलेंडर घेऊन बसलेय. पौर्णिमेनंतरची चतुर्थी-पंचमी धरते. काकांना बाबांचा एक निरोप: गाणी उतरवून घ्यायला ते वही घेऊन येणार आहेत, चालेल ना?