रॉचेस्टर बुडालं की सावरलं?

विदुला: कॅमेरे आणि फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीचा विषय निघाला की न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला लोक मेलेलं शहर ठरवून मोकळे होतात. मला हे साफ अमान्य आहे. 1982 मध्ये तिथे एकट्या कोडॅकमध्ये 60 हजारांवर माणसं कामाला होती. जानेवारी 2012 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी शहर उभं आहे. आज सर्वांत जास्त नोकऱ्या रॉचेस्टर विद्यापीठ आणि त्याची रुग्णालयं देतात. 2010 मध्ये लोकसंख्या 2,10,565 होती, 2020 मध्ये 2,11,328. वाढ नखाएवढी, पण 1950 नंतर जनगणनेत आकडा पहिल्यांदाच वर सरकला.

श्रीरंग: 1950 चा आकडाही द्या ना: 3,32,488! आणि नोकऱ्या मोजताना पगारही बघा. शाळा संपवून कोडॅकमध्ये लागलेला मुलगा काम तिथेच शिकायचा आणि तिथूनच निवृत्त व्हायचा. कंपनी 1912 पासून कामगारांना नफ्यातला वाटा देत होती. मार्चमध्ये तो हातात पडला की गाड्यांच्या विक्रेत्यांची दिवाळी. रुग्णालयात शल्यविशारदाला भरपूर पगार, पण साफसफाई करणाऱ्याचं, रुग्णांची ने-आण करणाऱ्याचं काय? मधली पायरीच निखळली आहे. शहरात दहातली जवळपास तीन माणसं दारिद्र्यरेषेखाली आहेत, याला सावरणं म्हणायचं?

मुक्ता: तुम्ही दोघंही महापालिकेच्या हद्दीतलेच आकडे घेऊन भांडताय. भोवतालची मन्रो काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच, बघा, शहर धरून: 1950 मध्ये 4,87,632 आणि 2020 मध्ये 7,59,443. शहर रिकामं होत असताना पिट्सफर्ड, पेनफील्ड, वेबस्टर ही उपनगरं भरत गेली. तिथल्या शाळांचा कारभार वेगळा, घरपट्टीचा पैसाही त्यांच्यापाशीच. गरिबी हद्दीच्या आत कोंडली गेली.

आणि श्रीरंग, त्या मार्चच्या पैशात वाटा कोणाला होता? अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीयांना कोडॅकचं दार जेमतेम किलकिलं होतं. जुलै 1964 मध्ये शहर दंगलीनं पेटलं. त्यानंतर उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीयांच्या ‘फाइट’ या संघटनेशी डिसेंबर 1966 मध्ये कोडॅकच्या एका अधिकाऱ्यानं 600 बेरोजगारांना कामावर घेण्याचा करार केला, आणि काही दिवसांतच कंपनीनं तो झटकून टाकला. आज शहरात कृष्णवर्णीय सुमारे 40 टक्के आहेत. त्यांच्या आजोबांना जे मिळालंच नाही, त्याला सुवर्णकाळ कसं म्हणू?

श्रीरंग: कराराबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण हद्दीच्या हिशेबानं सगळं उलगडत नाही. 1970 मध्येच काउंटी 7,11,917 वर पोचली होती. म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांत भर पडली ती 48 हजारांहूनही कमी, आणि त्याच काळात शहरानं जवळपास 85 हजार माणसं गमावली. सगळी नुसती कुंपणापलीकडे गेली असती, तर काउंटी अशी अडकून पडली नसती. पोटापाण्याचं साधन गेलं म्हणून माणसं प्रदेश सोडून गेली.

विदुला: पण परतीची वाट कोणीतरी बांधायलाच हवी ना? मध्यवर्ती भागाला विळखा घालणारा, जमिनीखाली खोल गेलेला ‘इनर लूप’ महामार्ग शहरानं 2014 ते 2017 दरम्यान पूर्वेकडे बुजवला. त्या पट्ट्यात आता इमारती आणि घरं आहेत. बुडणारं शहर हे करत नाही.

मुक्ता: बुजवला ते उत्तमच झालं. पण त्या घरांत मुलंबाळं असलेली कुटुंबं टिकतील का, हे शाळा ठरवणार, आणि शाळांच्या हद्दीला अजून कोणी हात लावलेला नाही.