२५० केल्विनला अतिशीतित (गोठणबिंदूखालीही द्रवच राहिलेलं) पाणी: घनता उलट वाढतेय

थंडपेटी
संगणकावर पाण्याचं सिम्युलेशन चालवलंय: एसपीसी/ई (पाण्याच्या रेणूचं एक मॉडेल), ५१२ रेणू, १ बार, २५० केल्विन, २० नॅनोसेकंद. ३०० वरून उतरताना घनता वाढतच जातेय. ४ अंश सेल्सिअसखाली ती घटायला हवी ना? जी(आर)चं (एका ऑक्सिजनपासून कुठल्या अंतरावर किती ऑक्सिजन, याच्या आलेखाचं) दुसरं शिखर ४.५ अँगस्ट्रॉमला येतं, पण बसकंच. कटऑफ (ज्या अंतरापलीकडे रेणूंमधलं बल मोजत नाही ते) चुकतोय का?

चौफलक
कटऑफ बरोबर आहे, मॉडेल नडतंय. एसपीसी/ईचा बर्फ २१५ केल्विनच्या आसपासच वितळतो. म्हणजे तुमचं पाणी वितळणबिंदूच्या ३५ अंश वर आहे, अतिशीतित नाहीच! त्याची कमाल घनता २४० च्या जवळपास, तोवर घनता चढणारच.

टीआयपी४पी/२००५ हे दुसरं मॉडेल घ्या. वितळणबिंदू साधारण २५०, कमाल घनता २७८ ला (खऱ्या पाण्याची २७७). २४० वर चालवा. लेनार्ड-जोन्सच्या (रेणूंमधल्या आकर्षण-अपकर्षणाच्या सूत्राच्या) कटऑफपलीकडे राहिलेल्या शेपटाची दुरुस्ती ऊर्जा आणि दाब दोन्हींत चालू हवी, नाहीतर घनता कमी भरते. गोठायची धास्ती नको: इतक्या कमी अतिशीतनाला तगून वाढणाऱ्या बर्फकणात हजारो रेणू लागतात, तुमच्या पेटीत आहेत ५१२.

पाचवा_शेजारी
जी(आर) सरासरी दाखवतो, रचना त्यात पुसली जाते. चार शेजारी २.८ अँगस्ट्रॉमवर, १०९.५ अंशांचा कोन धरला तर पुढचा थर २.८ × १.६३३ = ४.५७ वर. शिखर तिथेच येणार. खरी गंमत मधल्या जागेत आहे. प्रत्येक ऑक्सिजनपासून पाचव्या ऑक्सिजनचं अंतर काढा, त्याचा हिस्टोग्राम मांडा. गरम पाण्यात पाचवा ३.३–३.५ पर्यंत आत घुसतो. थंडीत बाहेर ढकलला जातो, पोकळी उरते. घनता घटते ती यामुळे.

थंडपेटी
२२० ला गेलो तर?

चौफलक
जा, पण २० नॅनोसेकंदांवर विसंबू नका. एक धाव ३०० वरून झटकन थंड करून, दुसरी पायरीपायरीने उतरवून. दोन्हींची घनता जुळत नसेल तर समतोल आलेला नाही, वेळ वाढवा.

पाचवा_शेजारी
आणि चौफलकी क्रमाच्या क्यूच्या (चार शेजारी चौफलकाच्या किती जवळ बसलेत, ते सांगणाऱ्या आकड्याच्या) आलेखात दोन उंचवटे दिसले म्हणून ‘दोन द्रव सापडले’ लिहू नका. ते खोलीच्या तापमानालाही दिसतात. टीआयपी४पी/२००५चा द्रव-द्रव क्रांतिक बिंदू (जिथे पाण्याच्या दोन द्रवरूपांतला फरक मिटतो) १७२ केल्विन, १८६१ बारला आहे. १ बारला पेटीच्या घनतेतच दोन शिखरं आली, तर आधी स्क्रिप्ट तपासा.