मदत हवी आहे: कुत्रीला घेऊन दापोलीच्या समुद्रावर जायचंय, कासवांच्या मोसमात चालेल का?

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी आई, मी आणि आमची चिंगी पुण्याहून दापोलीकडे जायचं म्हणतोय. चिंगी देशी आहे, रस्त्यावरून घरी आलेली. माणसांवर फार जीव लावते, पण घोडे आणि मोठ्या आवाजाच्या गाड्या दिसल्या की बिथरते. समुद्र तिनं अजून पाहिलेला नाही. मोकळ्या वाळूवर तिला मनसोक्त पळताना बघायचंय.

कर्दे-मुरूडला सुट्टीच्या दिवशी फार वर्दळ असते, म्हणून ते नको वाटतं. आईला आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जायचंय, तेव्हा मुक्काम तिथेच सोयीचा. पण माझी खरी अडचणही तिथेच आहे. आंजर्ले, केळशी, वेळास या पट्ट्यात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. कोल्हे-कुत्री ती उकरून खातात, म्हणून तर कासवमित्र घरटी शोधून अंडी कुंपणाच्या आत हलवतात. आणि चिंगीला वाळू दिसली की उकरायचंच असतं. पट्टा लावून नेलं तर चालेल, की तो किनाराच सोडावा? 'नको' असेल तर स्पष्ट नको म्हणा, मला राग येणार नाही.

शिवाय ताम्हिणीच्या वळणांवर तिला उलट्या होतात. काय करता तुम्ही? कुत्र्याला मनापासून घरात घेणारी घरगुती राहण्याची सोय कुणाला माहीत असेल तर तेही सांगा. 'बाहेर बांधा' म्हणणारे नकोत.

प्रतिसाद १

ताई, आमचं घर त्याच पट्ट्यात आहे, म्हणून लिहिते. रात्री आणि उजाडायच्या आत कुत्र्याला वाळूवर अजिबात आणू नका. कासवीण वर येत असेल तर साध्या हालचालीनंही अंडी न घालता परत फिरते. उजाडल्यावर पट्ट्यानं, ओल्या वाळूवरून फिरवा. घरटी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत असतात. एखादं कासवमित्रांच्या नजरेतून सुटलेलं असू शकतं, त्यामुळे तिकडे उकरू द्यायचं नाही. मोकळं सोडणं या मोसमात नकोच, दापोलीजवळच्या लाडघरच्या किनाऱ्यावरही नको. दहा मीटरची लांब दोरी घ्या, पळायला पुरते.

तारीख तिथी बघून ठरवा. तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. द्वितीया असेल तर दीडच्या सुमाराला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. तेव्हा गार, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मिळतो. अष्टमीला गेलात तर ओहोटी भर दुपारी, आणि कोरडी वाळू इतकी तापते की पंजे भाजतात. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर तिलाही सोसणार नाही.

प्रतिसाद २

गोडं पाणी आणि वाडगा सतत बरोबर ठेवा. तहानेनं कुत्री खारं पाणी पितात, मग उलट्या-जुलाब सुरू होतात. जास्त प्यायली तर रक्तातलं मीठ वाढून जिवावर बेतू शकतं. किनाऱ्यावर मेलेले मासे पडलेले असतात, त्यात केंड (फुग्यासारखा फुगणारा मासा) असला तर तो विषारी. तुटक्या जाळ्यांमधले गळही बघा. आणि जे कुणी सांगत नाही ते सांगतो: वाडीत, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, पडलेली सुपारी चघळू देऊ नका. पूर्वी कुत्र्यांच्या जंतांवर सुपारीतलंच द्रव्य औषध म्हणून वापरत, पण प्रमाण चुकलं की लाळ गळते, झटके येतात.

घाटासाठी निघण्याआधी चार-पाच तास जेवण देऊ नका, पाणी थोडं थोडं द्या. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच, आपल्या डब्यातली नको. सोय ठरवताना मालकांच्या घरी कोंबड्या-मांजरं आहेत का तेही विचारा. गावातली कुत्री आपली हद्द राखतात, त्यामुळे रेबीजची लस झालेली आहे ना बघा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सुपारीचं खरंच माहीत नव्हतं, आणि वाडीतलंच घर बघत होते. आता पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया धरते आणि लांब दोरी आणते. आंजर्ल्याला फक्त दर्शन, चिंगीचं फिरणं लाडघरला, तेही दोरीनंच. एकच राहिलं: दापोलीत रविवारी भेटणारे प्राण्यांचे डॉक्टर आहेत का? नसतील तर सोमवार ते गुरुवार असं जाईन.