मदत हवी आहे: बँकवाल्यांच्या त्या सिनेमातला रात्रीचा हिशेब कोणी समजावेल का?

मांडवीकाठ
शनिवारी फोंड्याला सिनेमा दाखवायचा आहे आणि नंतरची चर्चा माझ्या गळ्यात पडली आहे. मध्यरात्री सगळे साहेब जमतात, तो पोरगा हिशेब सांगतो आणि सकाळी सगळं विकायचं ठरतं. २५ टक्के भाव उतरला तर तोटा अख्ख्या कंपनीच्या किमतीपेक्षा जास्त, हे कसं? ७५ टक्के उरतात ना? कथा सांगू नका, मी पाहिलाय. जरा लवकर सांगा.

बार्देशकर
सिनेमा कुठला? २००८ च्या मंदीवर बरेच आहेत.

मांडवीकाठ
मार्जिन कॉल, २०११ चा. जेरेमी आयर्न्स हेलिकॉप्टरने येतो तो. वाटलं २५ टक्के म्हटल्यावर कळेल.

गणिताचा_मास्तर
उधारी बाजूला ठेवलीत तर हिशेब कधीच लागणार नाही. समजा ३० लाखांचं घर घेतलं, त्यात पदरचा १ लाख, बाकी २९ लाख कर्ज. भाव २५ टक्के उतरला की साडेसात लाख गेले. तुमचा लाख संपला आणि वर साडेसहा लाख अंगावर. ही काल्पनिक उधारी नाही, २००७ च्या अखेरीस लेहमन ब्रदर्सची (२००८ मध्ये बुडालेली अमेरिकी गुंतवणूक बँक) मालमत्ता स्वतःच्या भांडवलाच्या ३० पटींच्या आसपास होती.

सासष्टीकर
मास्तर, अर्धंच सांगितलंत. तो माल कंपनीकडे पडून का होता, हे कळल्याशिवाय प्रसंग समजत नाही. गृहकर्जांची गाठोडी बांधून रोखे, म्हणजे त्या कर्जांच्या हप्त्यांवर हक्क देणारे कागद, विकायचे हा त्यांचा धंदा. गाठोडं नीट बांधायला महिनाभर लागतो, तोवर माल स्वतःच्या वहीत. मागच्या वर्षांचे चढउतार धरून धोक्याची मर्यादा आखलेली, ती आधीच ओलांडली गेलीय, हे त्या पोराच्या लक्षात येतं.

निवृत्त_कॅशियर
मांडवीकाठबाय, लोकांना आधी ठेव विम्याचं सांगा. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्याआधी १ लाख होतं. आपल्या गोव्यातल्या म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये रद्द केला. मी दुसऱ्या एका बँकेत काउंटरवर होतो. पैसे काढण्यावर निर्बंध आल्यावर एक आजी पासबुक पदरात गुंडाळून दुपारपर्यंत बाकावर बसून होती. ते विसरता येत नाही.

सासष्टीकर
काका, तळमळ कळते, पण सिनेमातली कंपनी पासबुकवाली बँक नाही. तिथे ठेवीदारच नाहीत. बुडतो तो सकाळी फोनवर रोखे विकत घेणारा.

निवृत्त_कॅशियर
त्या रोख्यांमागे कोणाची तरी घरं होती ना? मग माणूस कसा नाही म्हणता?

बार्देशकर
प्रेक्षक कोण आहेत? कॉमर्सची मुलं असतील तर वरचं पुरे.

मांडवीकाठ
मुलं कुठली! ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे, आणि घरच्या बायका. इंग्रजी उपशीर्षकं धावत जातात म्हणून मध्ये थांबवून सांगणार आहे. ते पहिलं विचारतील, एका सकाळीत सगळं विकायची घाई का? आणि घेणारे घेतात कसे?

चवथीची_माटोळी
मडगावच्या मासळी बाजाराचं उदाहरण द्या. संध्याकाळी बांगडा पडेल त्या भावात काढतात.

गणिताचा_मास्तर
नाही पटत. संध्याकाळचा बांगडा खाता येतो. इथे माल सडलाय हे विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. दुपारपर्यंत बातमी फुटली की गिऱ्हाईक संपलं, म्हणून घाई. आपला ९३ टक्के माल खपवणाऱ्या प्रत्येकाला १४ लाख डॉलर बोनस जाहीर होतो, ते वाक्य नक्की ऐकवा.

बार्देशकर
व्यवहार कायद्यात बसतो. घेणारेही मुरलेले व्यापारी, डोळे उघडे ठेवून घ्यायला हवं होतं.

सासष्टीकर
वर्षानुवर्षं तुमच्या शब्दावर माल घेणाऱ्याला जाणूनबुजून खड्ड्यात घालायचं, ही फसवणूकच. विक्रीचा प्रमुख सॅम रॉजर्स बड्या साहेबाला तेच सांगतो, यानंतर आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि तरीही विक्रीला तोच उभा राहतो.

पूल_बांधणारा
पुलाचा प्रसंग कोणी काढलाच नाही! नोकरीवरून काढलेला एरिक डेल पायरीवर बसून आपण बांधलेल्या पुलामुळे लोकांचे किती मैल आणि किती वर्षं वाचली हे तोंडी मोजतो. मी स्वतः बांधकामात आहे. रोख्यांचं राहू द्या, चर्चा तिथून सुरू करा.

मांडवीकाठ
मास्तर, घराचं उदाहरण घेते. सॅमच्या प्रसंगाला थांबवून सासष्टीकरांचा आणि बार्देशकरांचा वाद तसाच समोर ठेवणार. निवृत्त काका, तुम्ही फोंड्याला येऊ शकाल का? विम्याचं तुम्हीच बोला, मंडळाला तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

निवृत्त_कॅशियर
येतो. पण वेळ आणि जागा कुठे लिहिलीय?