मदत हवी आहे: किडनी प्रत्यारोपणाचा रुग्ण, एकाच स्वॅबमध्ये दोन विषाणू

रुग्ण वय ५२, प्रत्यारोपणाला ७ महिने झालेत. प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू. चार दिवस खोकला, नाक गळतंय, पण ताप ९९ च्या वर नाही. ऑक्सिजन बसून ९६, एक जिना चढला की ९१. एक्स-रे साफ. स्वॅबच्या पीसीआर पॅनेलमध्ये इन्फ्लुएंझा ए (एच३एन२, म्हणजे फ्लू) आणि ऱ्हायनो/एन्टेरो (साध्या सर्दीचे विषाणू) दोन्ही पॉझिटिव्ह. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती गाळते त्याचं माप) ४५ मिली/मिनिट. नेमका आजार कोणत्या विषाणूचा धरायचा? ऑसेल्टामिविर (फ्लूचं औषध) किती नि किती दिवस? ते लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत द्यायचं म्हणतात, ते उलटून गेलेत.

प्रतिसाद १
४८ तासांची अट इथे लावू नका, आजच सुरू करा. ४५ क्लिअरन्सला ३० मिग्रॅ दिवसातून दोनदा; ७५ चा डोस किडनी नीट चालणाऱ्यांसाठी. पाच दिवसांवर थांबू नका, अशा रुग्णात साधारण १० दिवस देतात. आठवडा उलटूनही उतार नसेल तर स्वॅब पुन्हा पाठवा आणि औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूचा विचार करा. विषाणू रेंगाळतो तिथे औषध चालू असतानाच तो बदलतो.

आता ऱ्हायनो. निरोगी माणसात एका विषाणूने इंटरफेरॉन (शरीराचं विषाणूविरोधी प्रथिन) जागं केलं की दुसऱ्याला पाय रोवणं जड जातं. इथे टी पेशी (विषाणू संपवणाऱ्या प्रतिकारपेशी) औषधांनी दाबलेल्या, त्यामुळे आधीचाच पुरता जात नाही आणि दुसरा वर येऊन बसतो. प्रत्यारोपणानंतर ऱ्हायनो कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतो. जुने रिपोर्ट काढून बघा. उपचार फ्लूचाच करायचा, ऱ्हायनोवर औषध नाही.

प्रतिसाद २
मला विषाणूंपेक्षा त्या ९१ ची काळजी वाटते. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, स्टेरॉइड ताप झाकतं. साफ एक्स-रेवरही विसंबू नका, एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आजच करा. सेप्ट्रान (फुप्फुसाचा बुरशीसंसर्ग टाळायला दिलेलं को-ट्रायमॉक्सॅझोल) सहाव्या महिन्यात बंद केलं होतं का? वालगॅनसायक्लोविर (सीएमव्ही विषाणू टाळायचं औषध) कधी थांबलं? दोन्ही बाजूंना धुरकट पट्टे दिसले तर न्यूमोसिस्टिस (तीच फुप्फुसातली बुरशी) आणि सीएमव्ही शोधा: रक्तात एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम), बीटा-डी-ग्लुकन (बुरशीची खूण) आणि सीएमव्ही पीसीआर. गाठी दिसल्या तर फ्लूनंतरचा ॲस्परजिलस (दुसरी एक बुरशी), म्हणून त्याची गॅलॅक्टोमॅनन चाचणी.

मायकोफेनोलेट निम्मं करायचं की थांबवायचं, हे नेफ्रॉलॉजिस्टशी बोलून आजच ठरवा. प्रेडनिसोलोन मात्र अजिबात तोडू नका. जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची पातळी चढते, ती तपासा. क्लॅरिथ्रोमायसिननेही चढते, म्हणून ते टाळा.

धागाकर्ता
सेप्ट्रान पाच आठवड्यांपूर्वी बंद झालंय. एलडीएच वाढलेलं, सीटीत दोन्ही बाजूंना धुरकटपणा.

प्रतिसाद २
मग फ्लूवर सगळं ढकलू नका, न्यूमोसिस्टिसचा संशय धरा. ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) करून बीएएल (फुप्फुस धुतलेलं पाणी) तपासायला पाठवा. रुग्ण सोसेल तोवरच हे जमतं. नमुन्याच्या निकालाची वाट न बघता को-ट्रायमॉक्सॅझोल (सेप्ट्रानच) उपचाराच्या डोसमध्ये सुरू करा, किडनीनुसार बेतून. ऑसेल्टामिविर चालूच ठेवा. ट्रायमेथोप्रिम (को-ट्रायमॉक्सॅझोलमधला एक घटक) आणि टॅक्रोलिमस दोघंही पोटॅशियम वाढवतात, म्हणून पोटॅशियम रोज पाहा. क्रिएटिनिन थोडं चढलं तर लगेच रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) समजू नका: ट्रायमेथोप्रिम त्याचं लघवीतून बाहेर पडणं अडवतं. चढतच राहिलं तर मात्र टॅक्रोलिमसची पातळी पाहा आणि नेफ्रॉलॉजिस्टला त्याच दिवशी कळवा.