शब्दचर्चा : नियंत्रकांच्या ‘सूचना’, ‘अभिप्राय’ की ‘सहभाग’?

विचारणा (निपाणी)

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी हवाई वाहतूक नियंत्रण यंत्रणांच्या आधुनिकीकरणावर लेख तयार होत आहे. त्यात ‘प्रत्यक्ष काम करणाऱ्या नियंत्रकांच्या सूचनांनुसार नवी यंत्रणा बसवण्यात आली’ असे वाक्य आहे. नियंत्रकांनी तसा आदेश दिला, असा त्याचा अर्थ एका वाचकाने घेतला. ‘सूचना’ हा शब्द ठेवावा की बदलावा, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (बेळगाव)

बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत ‘सूचना करणे’ आणि ‘सूचना देणे’ या दोन निराळ्या क्रिया आहेत. सभेत सदस्य सूचना करतो, ती मान्य करायची की नाही हे सभा ठरवते. वरिष्ठ अधिकारी सूचना देतो, ती पाळावीच लागते. क्रियापद सोबत असेपर्यंत अर्थ निसटत नाही, मात्र ‘सूचनांनुसार’ म्हटले की क्रियापद गळते आणि त्याबरोबर हा भेदही नाहीसा होतो. आपल्या भागात ही अडचण आणखी वाढते, कारण कन्नडमध्ये ‘सूचने’ म्हणजे मुख्यतः निर्देश आणि ‘सलहे’ म्हणजे सुचवणी. ज्या पेटीला मराठीत आपण सूचनापेटी म्हणतो, तिच्यावर कन्नडमध्ये ‘सलहा पेट्टिगे’ असते. फलक मात्र दोन्ही भाषांत सूचनाफलकच राहतो. दोन्ही भाषा रोज वाचणाऱ्या निपाणी-बेळगावच्या वाचकाने ‘सूचना’ म्हणजे आदेश असे धरले, तर दोष त्याचा नाही.

विषयच असा आहे की येथे संदिग्धता मुळीच चालत नाही. उंची किती ठेवायची, कोणत्या दिशेला वळायचे हे नियंत्रक वैमानिकाला सांगतो, त्याला आपण ‘सूचना’ म्हणतो आणि वैमानिक ती जशीच्या तशी परत उच्चारून दाखवतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेताना तेवढा उच्चारावा आणि एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा दंडक पडला. ज्या क्षेत्रात एकेका शब्दाची जागा अशी ठरवली जाते, त्यावरील लेखात वैमानिकाला द्यायची सूचना आणि यंत्रणा बनवणाऱ्याला करायची सूचना एकाच शब्दाने सांगू नये.

आता पर्यायांकडे वळू. ‘अभिप्राय’ हा शब्द चांगला असला तरी तो वस्तू समोर आल्यानंतरचा आहे, आणि या विषयात केव्हा विचारले यालाच सर्वाधिक महत्त्व आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये ‘स्टार्स’ या नव्या नियंत्रण यंत्रणेचे कंत्राट रेथिऑन या कंपनीला देण्यात आले. पुढे नियंत्रकांनी पडदा पाहिला, तेव्हा त्यावर उघडणाऱ्या अपारदर्शक चौकटींखाली विमानांची स्थितीच झाकली जात असल्याचे त्यांनी दाखवून दिले. मग रचना बदलावी लागली आणि काम लांबले, खर्चही वाढला. इंग्लंडमधील स्वॉनविक येथील हवाई नियंत्रण केंद्र २००२ मध्ये सुरू झाले, त्यानंतर पडद्यावरील अक्षरे नीट वाचता येत नसल्याची तक्रार पुढे आली. कार्डिफ आणि ग्लासगो या विमानतळांच्या चार अक्षरी संकेतांत अवघ्या एका अक्षराचा फरक असून एकाच्या जागी दुसरे वाचले जात होते. हे सारे अभिप्रायच होते, फक्त ते उशिरा आले.

याउलट कागदी पट्टीचे उदाहरण घ्यावे. प्रत्येक विमानामागे त्याच्या उड्डाणाची माहिती असलेली एक अरुंद पट्टी धारकात बसवून चौकटीत लावलेली असते. क्रम बदलला की नियंत्रक ती हाताने वरखाली सरकवतो आणि एखादे काम राहिले असेल तर ती किंचित तिरकी करून ठेवतो, म्हणजे नजर तिथे आपोआप थांबते. बाहेरच्या अभियंत्याला हे तिरके ठेवणे गबाळेपणाचे वाटू शकते, परंतु नियंत्रकाला तीच आठवणीची खूण असते. पट्ट्या संगणकाच्या पडद्यावर आणताना ही खूण टिकवायची असेल, तर आराखडा आखणाऱ्याच्या शेजारी नियंत्रक पहिल्या दिवसापासून बसलेला हवा, आणि त्याला मराठीत ‘सहभाग’ म्हणतात. (लेखात ‘पट्टी’ आणि ‘धावपट्टी’ जवळजवळ आल्यास पहिलीला ‘कागदी पट्टी’ म्हणावे.)

शंका (खानापूर)

‘सहभाग’ हा शब्द सरकारी योजनांच्या जाहिरातींत वापरून गुळगुळीत झाला आहे. ‘सल्ला’ अधिक वजनदार नाही का?

उत्तर (बेळगाव)

शब्द झिजला आहे हे मान्य. तरीही ‘सल्ला’ मला पटत नाही. सल्लागार बाहेरून येतो, मत देतो आणि जातो. यंत्रणा बिघडली की तिच्यासमोर बसलेला असतो तो नियंत्रक. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत उड्डाण-आराखड्यांची देवाणघेवाण करणारी संदेशयंत्रणा बिघडली, तेव्हा नियंत्रकांनाच ते काम हाताने करावे लागले आणि शेकडो विमानांना उशीर झाला. ज्याच्यावर भार पडतो त्याच्या म्हणण्याला ‘सल्ला’ म्हणणे मला अपुरे वाटते. गुळगुळीतपणा घालवायचा असेल तर सहभाग कोणत्या टप्प्यावर होता ते वाक्यातच सांगावे : ‘आराखडा आखण्यापासून चाचणीपर्यंत प्रत्यक्ष काम करणाऱ्या नियंत्रकांच्या सहभागाने नवी यंत्रणा उभारण्यात आली.’ नियंत्रकांना केवळ शेवटच्या चाचणीला बोलावले असेल, तर मात्र ‘अभिप्राय घेऊन’ असेच छापावे.

याच ओघात आणखी एक सांगतो. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर २०१७ मध्ये नवी प्रवासी इमारत सुरू झाली, त्या कामासाठी ‘विस्तार’ किंवा ‘नूतनीकरण’ हे शब्द योग्य आहेत. नियंत्रण यंत्रणेसाठी ‘आधुनिकीकरण’च ठेवावे. कन्नडच्या सवयीने आपल्याकडे ‘नवीकरण’ लिहिले जाते, परंतु आपला अंक कोल्हापूर-सांगलीकडेही जातो, म्हणून ते टाळावे.